करार आधी की वर्ग आधी?

पत्र

मॅडम, मी एका विद्यापीठात पाणी व्यवस्थापन हा विषय शिकवते. गेल्या वर्षी आमच्या कुलगुरूंनी एका परिषदेत तीन देशांतल्या तीन विद्यापीठांशी सामंजस्य करार केले आणि परत आल्यावर समन्वयक म्हणून माझं नाव जाहीर केलं. वर्षभरात सात ऑनलाइन बैठका झाल्या. प्रत्येकीचं इतिवृत्त माझ्याकडे आहे, पण एकही विद्यार्थी अजून काही शिकलेला नाही. तिघांपैकी एक विद्यापीठ मोठं, नावाजलेलं. त्यांनी चाळीस व्हिडिओ व्याख्यानं पाठवली आणि ‘ही तुमच्या मुलांना दाखवा, तुमच्या भाषेत उपशीर्षकं घाला, परीक्षा तुम्ही घ्या’ असं कळवलं. दुसऱ्या विद्यापीठातल्या एक प्राध्यापिका मनापासून उत्सुक आहेत, पण त्यांच्याकडे निधी नाही, नेटही धड चालत नाही. तिसऱ्याकडून उत्तरच येत नाही. आता पुढच्या सत्रापासून ‘आंतरराष्ट्रीय संयुक्त ऑनलाइन पदविका’ सुरू करायचं ठरलंय. माहितीपत्रक तयार आहे, त्यावर चारही विद्यापीठांची बोधचिन्हं आहेत. पदविका नेमकी कोण देणार, ती कुठे मान्य होणार, असं विचारलं की ‘ते होईल नंतर’ एवढंच ऐकायला मिळतं. मुलं विश्वासाने पैसे भरतील. मला रात्री झोप लागत नाही. ही जबाबदारी सोडून द्यावी का?

– एक समन्वयक

उत्तर

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहून गेलात ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मुलं विश्वासाने पैसे भरतील. बाकीचा गुंता सावकाश सोडवता येईल, हे मात्र या आठवड्यातच मार्गी लावायला हवं. ते माहितीपत्रक बाहेर जाऊ देऊ नका.

बैठकीत तोंडी बोलून ते थांबणार नाही, कारण तोंडी शंकेला तोंडीच उत्तर मिळतं आणि ते तुम्हाला मिळालेलंच आहे: होईल नंतर. लेखी टिपण द्या, कुलसचिव आणि परीक्षा नियंत्रक या दोघांच्या नावे, कुलगुरूंना प्रत. त्यात तक्रारीचा सूर नको, उपदेश तर नकोच. फक्त प्रश्न. प्रमाणपत्रावर कोणाकोणाची सही असेल? त्या त्या देशातल्या नियामक संस्थेची ऑनलाइन संयुक्त पदविकेला परवानगी आहे का, आणि असल्यास त्या पत्राचा क्रमांक काय? मुलांचे श्रेयांक (क्रेडिट) कोणाच्या दफ्तरी जमा होणार? आणि चारपैकी एक विद्यापीठ मधूनच बाहेर पडलं, तर प्रवेश घेतलेल्या मुलांचं शिक्षण कोण पुरं करणार? हे शेवटचं कोणी विचारत नाही, आणि नेमकी तीच वेळ येते. परीक्षा नियंत्रकांना टिपणात घ्यायचं कारण साधं आहे. गुणपत्रिका त्यांच्या कार्यालयातून निघते. ज्या कागदावर आपली सही होणार आहे त्याच्याविषयी माणूस आपोआप सावध होतो, आणि अशा कामात हे सावधपण तुमच्या बाजूने उभं राहतं.

परवानगीचा मुद्दा किरकोळ समजू नका. वर्गात शिकवायच्या संयुक्त पदवीला जे नियम लागू असतात ते ऑनलाइनलाही लागू असतील, असं गृहीत धरता येत नाही. अनेक देशांत दोन्हींसाठी वेगवेगळ्या तरतुदी आहेत आणि एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही. सामंजस्य करारात ‘सहकार्याच्या संधी शोधू’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यातून कोणालाही पदविका देण्याचा अधिकार मिळत नाही. तुमच्याकडच्या तिन्ही करारांत याहून जास्त काही असेल असं मला वाटत नाही, तरी एकदा नीट वाचून बघा.

आता मान्यतेबद्दल, कारण ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द वाचून मुलं आणि पालक जे समजतात ते इथेच येतं. एका देशात मिळवलेली पात्रता दुसऱ्या देशात कशी तोलायची, यावर देशादेशांत गेली कित्येक दशकं काम चाललंय. युरोपाचा लिस्बन करार 1997चा. आशिया-पॅसिफिकसाठीचा टोकियो करार 2011मध्ये झाला आणि 2018मध्ये अमलात आला. मग नोव्हेंबर 2019मध्ये युनेस्कोने उच्च शिक्षणातल्या पात्रतांच्या मान्यतेसाठी जागतिक करार संमत केला आणि 20 देशांनी तो स्वीकारल्यावर 5 मार्च 2023पासून तो लागू झाला. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली दोन कलमं मोलाची आहेत. एक, परक्या पात्रतेत मोठा, ठोस फरक आहे असं दाखवता आलं तरच ती नाकारावी. म्हणजे सिद्ध करण्याचं ओझं नाकारणाऱ्यावर. दुसरं, ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने मिळवलेल्या पात्रतेचा विचारही त्याच न्यायाने व्हावा. निव्वळ ‘घरी बसून शिकला’ म्हणून कोणाला मागे सारू नये. ज्यांनी आयुष्य दूरशिक्षणात घालवलं, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती. मला ते वाचताना भरून आलं होतं.

पण यातून पदविकेला आपोआप अभय मिळत नाही. करार स्वीकारलेल्या देशांवरच तो बंधनकारक आहे. आणि तो लागू व्हायचा तर पात्रता मुळात देणाऱ्या देशाच्या अधिकृत उच्चशिक्षण व्यवस्थेचा भाग असावी लागते. जी पदविका कोणत्याच एका देशाच्या व्यवस्थेत रीतसर नोंदलेली नाही, तिला जगभराचा कुठलाही करार वाचवू शकत नाही. चार बोधचिन्हं असलेलं आणि कोणाचंच नसलेलं प्रमाणपत्र हातात घेऊन मुलगा दारोदार फिरतो. शिवाय वैद्यक, अभियांत्रिकी, अध्यापन अशा व्यवसायांचा परवाना ही वेगळीच बाब; तिथे विद्यापीठाने दिलेली मान्यता पुरत नाही. माहिती हवी असेल तर बहुतेक देशांत परदेशी पात्रतांची तपासणी करणारं राष्ट्रीय केंद्र असतं. युरोपात अशा केंद्रांचं एनिक-नॅरिक नावाचं जाळं आहे. तुमच्या देशातल्या आणि भागीदार देशांतल्या केंद्राला एकेक ईमेल करा. उत्तर यायला वेळ लागेल, पण जे येईल ते लेखी असेल.

हे मी एवढं ठासून सांगते याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका संयुक्त प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची मी समन्वयक होते. भागीदार संस्थेतले प्रमुख बदलले आणि नव्या प्रमुखांनी दुसऱ्याच सत्रात हात काढून घेतला. आम्ही आमच्या बाजूने अभ्यासक्रम पुरा केला, प्रमाणपत्रं दिली. दोन वर्षांनी एक विद्यार्थिनी भेटायला आली. परदेशी नोकरीच्या अर्जासोबत तिने ते प्रमाणपत्र जोडलं होतं आणि तिकडच्या संस्थेने ‘अशी नोंद आमच्याकडे नाही’ असं कळवलं होतं. ती रागावली नाही. फक्त विचारलं, ‘मॅडम, मी खोटं बोलले असं त्यांना वाटलं असेल ना?’ मी तिला पत्र लिहून दिलं, फोन केले, शेवटी तिचं काम झालं. पण तो प्रश्न अजून माझ्या मनातून गेलेला नाही. तुम्हाला झोप लागत नाही म्हणता, ते योग्य कारणासाठी लागत नाही.

तर पदविका थांबवा. सहकार्य थांबवू नका. या दोन गोष्टी एकच आहेत असं तुमच्याकडे सगळ्यांनी धरून ठेवलंय आणि खरी गफलत तिथेच आहे.

विद्यापीठं नेहमी वरून सुरुवात करतात. आधी करार, मग मंडळ, मग प्लॅटफॉर्म, मग माहितीपत्रक आणि सगळ्यात शेवटी विद्यार्थी. या क्रमाने केवढं नुकसान होतं याचं एक उघड उदाहरण ब्रिटनचं आहे. सन 2000मध्ये तिथल्या सरकारने ‘यूके ई-युनिव्हर्सिटी’ जाहीर केली. ब्रिटिश विद्यापीठांचे अभ्यासक्रम एकाच ऑनलाइन दारातून जगभर पोचवायचे, अशी कल्पना. स्वतःचा प्लॅटफॉर्म बांधण्यावर भर दिला गेला. अभ्यासक्रम 2003मध्ये सुरू झाले, विद्यार्थी मिळाले 900च्या आसपास आणि 2004मध्ये सगळं गुंडाळलं गेलं. तोवर सुमारे 5 कोटी पौंड सार्वजनिक पैसा खर्च झाला होता. पुढे संसदेच्या समितीने चौकशी केली. विद्यार्थ्याला काय हवं हे न बघता आपल्याकडे काय आहे ते विकायला निघाल्यामुळे हे झालं, असा तिच्या निष्कर्षांचा रोख होता. यात नावाजलेली विद्यापीठं होती, तंत्रज्ञ होते, पैसाही होता.

तुमच्याकडे आलेली चाळीस व्याख्यानं याच जातीची आहेत. पाठवणाऱ्याचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण यात तुम्ही काय आहात? उपशीर्षकं घालणारे आणि परीक्षा घेणारे. त्यांच्या मुलांना तुमच्याकडून काही शिकायचं आहे का? नाही. मग याला आयात म्हणावं. आयात करायला हरकत नाही, चांगलं साहित्य कुठूनही घ्यावं, पण सहकार्य म्हणायचं तर पलीकडच्याला आपली गरज पडली पाहिजे. पूर्ण पत्रात मला एवढी एकच गोष्ट तुमच्या मनावर ठसवायची आहे, म्हणून थोडं थांबून बोलते.

जागतिक बँकेने 1997मध्ये आफ्रिकन व्हर्च्युअल युनिव्हर्सिटी सुरू केली तेव्हा कारभार वॉशिंग्टनमधून चाले आणि अमेरिका-युरोपातल्या विद्यापीठांची व्याख्यानं उपग्रहावरून आफ्रिकेतल्या वर्गांत उतरत. ते फार रुजलं नाही. पुढे मुख्यालय नैरोबीला आलं, आफ्रिकी सरकारांनी सनद करून ती संस्था आपली केली आणि मग जे काम झालं ते पाहण्यासारखं आहे. वेगवेगळ्या आफ्रिकी देशांतल्या विद्यापीठांमधल्या प्राध्यापकांनी एकत्र बसून गणित, विज्ञान आणि संगणकाच्या शिक्षकांसाठी 73 घटकपुस्तिका लिहिल्या, त्या इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज अशा तिन्ही भाषांत काढल्या आणि कोणीही वापराव्यात म्हणून मुक्त ठेवल्या. उपग्रहापासून पुस्तिकेपर्यंत आले, म्हणजे तंत्रज्ञानाच्या हिशेबात मागेच गेले म्हणा. पण आता लिहिणारे तेच होते आणि शिकवणारेही तेच.

दुसरं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिक ही 1968मध्ये स्थापन झालेली, पॅसिफिक महासागरातल्या 12 छोट्या देशांच्या सामाईक मालकीची. टुवालू, नौरू, नियुए हे देश एकेकटे विद्यापीठ चालवूच शकत नाहीत. समुद्र एवढा की एका बेटावरून दुसऱ्यावर जायला बोटीने दिवस लागतात. 1970च्या दशकात त्यांनी नासाच्या एटीएस-1 या जुन्या प्रायोगिक उपग्रहावरून शिकवण्या चालवल्या. चित्र नाही, नुसता आवाज. खरखरणारा. एका बेटावरचा विद्यार्थी बोलला की बाकीची बेटं ऐकत आणि आपली पाळी आली की बोलत. नंतर त्यांनी स्वतःचं उपग्रह जाळं उभारलं. मी शिकवायला लागले तेव्हा कोणीतरी मला हे सांगितलं होतं, आणि ‘आमच्याकडे नेट नाही म्हणून सहकार्य जमत नाही’ हे वाक्य त्या दिवसापासून मी स्वतःला म्हणू दिलेलं नाही.

म्हणून माझा कौल दुसऱ्या विद्यापीठातल्या त्या प्राध्यापिकांना आहे. निधी नाही, नेट नाही, पण माणूस उत्सुक आहे. तुम्ही तिघांशी सुरू करू नका, त्या एकटीशी करा. जे मूक आहेत त्यांना मूक राहू द्या. मोठ्या विद्यापीठाशी भांडू नका, आभार मानून व्हिडिओ ठेवून घ्या. फक्त वापरण्याआधी त्यांचा परवाना बघा. ‘मुक्त’ लिहिलं की सगळं करता येतं असं नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स या नावाचे, मुक्त साहित्यावर सर्रास लावले जाणारे ठरावीक परवाने आहेत. त्यांत ‘एनडी’ ही अक्षरं असली तर बदल केलेली किंवा भाषांतरित आवृत्ती प्रसिद्ध करता येत नाही, ‘एनसी’ असलं तर व्यापारी वापर चालत नाही. परवानाच लिहिलेला नसेल तर उपशीर्षकं घालायलाही लेखी संमती लागेल. मान्यतेचा जागतिक करार ज्या परिषदेत संमत झाला, 2019च्या त्याच परिषदेत युनेस्कोने मुक्त शैक्षणिक संसाधनांबद्दलची शिफारसही मंजूर केली आणि तिच्यात बदलण्याचा, आपलंसं करण्याचा हक्क हा व्याख्येचाच भाग आहे. एवढं एक त्यांना विचारा: आम्ही तुमची व्याख्यानं कापू, उलटसुलट लावू, आमची उदाहरणं घालू, चालेल का? येणाऱ्या उत्तरावरून त्यांना तुम्ही भागीदार वाटता की वितरक, ते कळेल.

आता त्या प्राध्यापिकांबरोबर काय करायचं.

नवी पदविका नाही, नवा अभ्यासक्रमही नाही. तुमचा चालू विषय आणि त्यांचा चालू विषय. दोन्हींच्या मध्यावर सहा आठवड्यांचा एक सामाईक तुकडा. तुमची मुलं तुमच्या विद्यापीठात नोंदलेली, त्यांची त्यांच्याकडे. गुण तुम्ही तुमच्या मुलांना द्यायचे, त्यांनी त्यांच्या. श्रेयांकांची देवाणघेवाण नाही, शुल्काची नाही, म्हणून मान्यतेचा प्रश्नच उद्भवत नाही. अंतर्गत मूल्यमापनातले गुण बहुतेक ठिकाणी शिक्षकाच्या हातात असतात; तेवढ्यात हे बसतं, फार तर अभ्यासमंडळाला कळवावं लागेल. या पद्धतीला ‘कॉइल’ म्हणतात, सहयोगी ऑनलाइन आंतरराष्ट्रीय अध्ययन. न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठाने 2006मध्ये यासाठी खास केंद्र काढलं आणि तिथून ती जगभर पसरली. तिची सुरुवात एका चित्रपटाच्या प्राध्यापकाने केली होती, व्यवस्थापकाने नव्हे, हे मला नेहमी लक्षात ठेवण्यासारखं वाटतं.

सगळं कौशल्य आहे ते कामाच्या निवडीत. मी पहिल्यांदा केलं तेव्हा ‘आपापल्या देशातल्या समस्येवर चर्चा करा’ असा विषय दिला होता. पहिल्या आठवड्यात मुलांनी हौसेने लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात ‘तुझ्याशी सहमत आहे’ एवढंच. तिसऱ्यात शुकशुकाट. मुलांचा दोष नव्हता. एकमेकांशिवाय त्यांचं काहीच अडत नव्हतं. पुढच्या खेपेला काम असं दिलं की एका गटाची माहिती हातात आल्याशिवाय दुसऱ्या गटाला एक ओळ लिहिता येणार नाही. तीच मुलं रात्री निरोप पाठवून विचारू लागली, ‘तुमचे आकडे अजून का आले नाहीत?’

तुमचा विषय तर यासाठी सोन्यासारखा आहे. चार-चार जणांचे गट करा, दोन इकडचे, दोन तिकडचे. प्रत्येकाने आठवडाभर आपल्या घरच्या पाण्याची नोंद ठेवायची: कुठून येतं, किती वेळ येतं, कोण भरतं, किती साठवतात, किती वाया जातं. मग नोंदी बदलायच्या. इकडच्यांनी तिकडच्या घरांबद्दल लिहायचं आणि तिकडच्यांनी इकडच्या. म्हणजे आपल्या नोंदीतली पोकळी दुसऱ्याच्या प्रश्नातून कळते. ‘पाणी कोण भरतं हा रकाना का आहे? नळातून येत नाही का?’ असा एक प्रश्न आला की तासभराच्या व्याख्यानाचं काम होतं. शेवटच्या आठवड्यात गटातल्या चौघांनी मिळून एकच पान लिहायचं: दोन्ही ठिकाणच्या व्यवस्थांत कुठला फरक पावसाचा आहे आणि कुठला माणसांनी केलेला.

हे सगळं बिननेटचं नाही, पण थोड्या नेटवर चालतं. लिखित निरोप, आवाजाचे संदेश, फोटो. प्रत्यक्ष समोरासमोर व्हिडिओ फक्त दोनदा, सुरुवातीला आणि शेवटी, तेही जमलं तर. उलट कॅमेऱ्यावरच्या तासापेक्षा लिखित निरोप बरेचदा जास्त न्याय करतात. ज्याला इंग्रजी सावकाश येतं तो तासात गप्प बसतो, लिहायला वेळ मिळाला तर मात्र सर्वांत चांगले प्रश्न विचारतो. दोन्हीकडच्या मुलांची इंग्रजी ही परकी भाषा असेल तर आधीच सांगा की व्याकरणाचे गुण नाहीत. कच्चा मसुदा आपापल्या भाषेत करू द्या.

बारीकसारीक गोष्टी झटकन सांगते. दोन्ही विद्यापीठांची दिनदर्शिका समोरासमोर ठेवा. उत्तर आणि दक्षिण गोलार्धांत शैक्षणिक वर्षच वेगळं चालतं आणि सहा सामाईक आठवडे सापडणं हेच कधी कधी सर्वांत अवघड ठरतं. काही देश वर्षातून दोनदा घड्याळ पुढेमागे करतात, त्यामुळे ठरलेली वेळ मधूनच एका तासाने सरकते. प्लॅटफॉर्म दोन्ही देशांत उघडतो ना, हे विद्यार्थ्याच्या फोनवरून तपासा. 2014मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे कोर्सेरा या ऑनलाइन अभ्यासक्रम देणाऱ्या कंपनीला इराण, क्युबा आणि सुदानमधल्या विद्यार्थ्यांचे वर्ग बंद करावे लागले होते. मुलं अभ्यासक्रमाच्या मध्यावर होती. भागीदार युरोपीय संघातला असेल तर 2018पासूनचे विदा (डेटा) संरक्षणाचे नियम लागू होतात, म्हणून मुलांची नावं-पत्ते कुठे साठवणार ते आधी लेखी ठरवा. ऑनलाइन वर्ग चालवायचं मूडलसारखं मुक्त सॉफ्टवेअर दोघांपैकी एकाच्या सर्व्हरवर चालत असेल तर नवं काही विकत घेऊ नका.

एका कामात मात्र काटकसर करू नका. सुरू करण्याआधी तुम्ही दोघींनी पाच-सहा तास एकमेकींशी बोलायला हवं, तेही एकदम नाही, दोन-तीन आठवड्यांत विभागून. कामाचं बोला आणि इतरही बोला. त्यांच्या वर्गात किती मुलं, त्यातली किती नोकरी करून शिकतात, उशिरा आलेला स्वाध्याय त्या घेतात का, मुलं शिक्षकाला प्रश्न विचारायला कचरतात का. दूरशिक्षणातलं अंतर मैलांत मोजायचं नसतं, शिकवणारा आणि शिकणारा यांच्यातल्या समजुतीच्या दरीत मोजायचं असतं, असं मायकेल मूर या अभ्यासकांनी मांडलं. संवाद वाढला की ती दरी बुजते. मूर विद्यार्थी-शिक्षकांबद्दल बोलत होते, पण दोन देशांतल्या दोन शिक्षिकांनाही ते तितकंच लागू आहे.

सहा आठवडे पार पडले की दोन्हीकडच्या मुलांचं ते एकेक पान घेऊन कुलगुरूंकडे जा. माझा अनुभव असा की कुलगुरूंना करारापेक्षा हे आवडतं, कारण त्यांनाही दाखवायला काहीतरी लागतंच. त्यांना नकार घेऊन भेटू नका, पर्याय घेऊन भेटा: पदविका पुढे ढकलू, हे याच सत्रात करू. पुढच्या वर्षी तोच तुकडा पूर्ण विषयाचा करता येईल आणि तेव्हा श्रेयांकांचा करार लागेल. त्या करारात काय हवं, हे तोवर तुम्हाला नेमकं माहीत असेल, कारण कुठे अडतं ते तुम्ही पाहिलेलं असेल. राष्ट्रकुलातल्या छोट्या देशांनी ‘व्हर्च्युअल युनिव्हर्सिटी’ उभारली ती अशीच. नाव विद्यापीठाचं असलं तरी ती स्वतः पदवी देत नाही. वेगवेगळ्या देशांतले शिक्षक मिळून साहित्य तयार करतात आणि पदवी प्रत्येक देशातली आधीपासूनची संस्था देते. पातळ्या जुळवायची सामाईक पात्रता चौकट 2010मध्ये आली, तीही कामाला सुरुवात झाल्यानंतर.

जबाबदारी सोडावी का, असं विचारलंत. टिपण दिल्यावरही ते माहितीपत्रक बाहेर पडलं आणि त्यावर समन्वयक म्हणून तुमचंच नाव असलं, तर सोडा, आणि कारण लिहून सोडा. त्याआधी नाही. तुम्ही गेलात तर ही खुर्ची रिकामी राहणार नाही. तिथे येणारा माणूस पदविका कोण देणार हे विचारेलच असं नाही. मात्र फुकट राबू नका. समन्वयाचे तास तुमच्या कार्यभारात धरावेत, एवढं त्याच टिपणाच्या शेवटी लिहा. असे प्रकल्प निधी संपल्यामुळे बंद पडतात असं सगळे सांगतात. मी पाहिलेले बहुतेक एखादी शिक्षिका थकल्यामुळे बंद पडले.

टिपण उद्या द्या. आणि उद्याच त्या प्राध्यापिकांना ईमेल करा, समन्वयक म्हणून नको, शिक्षिका म्हणून करा. विद्यापीठाचं लेटरहेड नको, कोणालाही प्रत नको. तुमच्या वर्गात सध्या काय चाललंय ते चार ओळींत लिहा आणि त्यांच्या वर्गात या आठवड्यात कुठला धडा सुरू आहे ते विचारा.